पेती सो: जंगलासकट बुडवलेल्या धरणाच्या पाण्याची पहिली दहा वर्षं

पेती सो हे नाव आपल्याकडं फारसं कुणी ऐकलेलं नसतं. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर फ्रेंच गयाना आहे, तो वेगळा देश नाही, फ्रान्सचाच समुद्रापलीकडचा तुकडा आहे, आणि आपल्याला तो माहीत असलाच तर कुरूच्या रॉकेट तळामुळं, कारण आपले कितीतरी इन्सॅट आणि जीसॅट उपग्रह तिथूनच एरियान रॉकेटनं वर गेलेत. त्या कुरूच्या पश्चिमेला सिनामारी नावाची नदी अटलांटिकला मिळते आणि त्या नदीवर ईडीएफनं, म्हणजे फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीनं, हे धरण बांधलं. मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, आमच्याकडं धरणांचं पाणीही येतं, आणि नवीन धरण भरल्यावर आत पाण्याचं नेमकं काय होतं असं कुणी विचारलं की मी दरवेळी पेती सोच काढते. कारण तिथं धरणाशेजारीच लॅब होती, आणि पाणी अडवल्यानंतर दहा वर्षं पाणी पण मोजलं गेलं, त्यातून निघणारा वायू पण मोजला गेला, धरणात पण आणि खाली नदीत पण. उष्ण प्रदेशातल्या धरणांच्या बाबतीत असं फार कमी ठिकाणी झालंय.

आधी धरण किती मोठं ते बघू. जानेवारी १९९४ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली आणि १९९५ च्या जुलैपर्यंत पाणी ३५ मीटरच्या पातळीला लागलं, म्हणजे भरायलाच दीड वर्ष गेलं. साठा साधारण ३.५ अब्ज घनमीटर, आपल्या भाषेत १२४ टीएमसीच्या आसपास. पसारा ३६५ चौरस किलोमीटर. आणि वीज किती, तर ११५ मेगावॅट. हे आकडे कोयनेशेजारी ठेवून बघा म्हणजे लक्षात येईल. कोयना १०५ टीएमसीचं धरण, म्हणजे पाणी जवळपास तेवढंच, पण शिवसागराचा पसारा साधारण ११५ चौरस किलोमीटर, आणि वीज १९६० मेगावॅट. (वीज एवढी निघते ती पाणी बोगद्यांनी कोकणात उतरवल्यामुळं, ते खरं, त्यामुळं विजेची तुलना अगदी सरळ नाही. पण पसाऱ्याची आहे.) कोयना म्हणजे उभा हंडा, पेती सो म्हणजे परात. तेवढंच पाणी तिप्पट जमिनीवर पसरलेलं, सरासरी खोली दहाएक मीटर, आणि नव्या धरणाच्या पाण्याला हीच गोष्ट सगळ्यात जास्त भोवते, कारण जितकी जास्त जमीन बुडणार तितका जास्त पाला, लाकूड आणि माती त्या पाण्यात कुजायला येणार.

आणि ती जमीन कसली, तर विषुववृत्ताजवळचं घनदाट जंगल. फ्रेंच गयानाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग जंगलच आहे. ते जंगल तोडून बाहेर काढलं नाही. काढणं सोपं नव्हतं हे मान्य करायला पाहिजे, रस्ते नाहीत, माणसं विरळ, एवढ्या जंगलातलं लाकूड ओढून आणणार कसं आणि विकणार कुणाला, हे सगळे प्रश्न खरे होते. पण निर्णय झाला तो झाला आणि झाडं उभीच्या उभी पाण्याखाली गेली. झाडं, पालापाचोळा आणि वरच्या मातीत मिळून बुडालेला कार्बन संशोधकांनी सुमारे १ कोटी टन धरलाय. भागाकार केला तर हेक्टरी २७० टन, एकरी जवळजवळ ११० टन. आपल्याकडं एकरी उसाचा उतारा साठ-सत्तर टन निघाला तर शेतकरी खूश असतो, आणि त्या उसात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. इथं निव्वळ कार्बन एकरी ११० टन. तेवढं सगळं एका परातीत भिजत घातलं असं समजा.

आता पाण्यात काय होतं ते. ज्यांनी लहानपणी विहिरीत पोहायचं शिकलंय त्यांना हे सांगायची गरज नाही. एप्रिल-मे महिन्यात सूर मारला की वरचं पाणी कोमट असतं, आणि दोन पुरुष खाली गेलं की एकदम गार पट्टा लागतो, अंगावर काटा येतो. तो पट्टा म्हणजे सीमारेषा. वरचं गरम पाणी हलकं, खालचं गार पाणी जड, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. हवेतला ऑक्सिजन वरच्या थरात विरघळतो पण खाली पोचत नाही. आपल्याकडं निदान थंडीत वरचं पाणी गार होऊन खाली बसतं आणि वर्षातून एकदा उलथापालथ होते, धरण श्वास घेतं म्हणा ना. गयानात थंडी नाहीच, बारा महिने तेच उबदार हवामान, त्यामुळं पेती सोत वरचे काही मीटर सोडले तर खालचं सगळं पाणी पहिल्या वर्षापासून ऑक्सिजनविना पडून राहिलं.

ऑक्सिजन संपला म्हणून कुजणं थांबत नाही, हे लोकांना पटवताना मला नेहमी त्रास होतो. जिवाणू आधी ऑक्सिजन वापरतात कारण त्यात त्यांना सगळ्यात जास्त कस मिळतो, तो संपला की नायट्रेटवर येतात, मग मातीतल्या मँगनीज आणि लोहावर, त्यामुळं एरवी मातीत घट्ट बसलेलं लोह पाण्यात सुटतं, मग सल्फेटवर, त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, कुजक्या अंड्याचा वास तो हाच, आणि हे सगळं संपलं की शेवटी मिथेन. म्हणजे गोबरगॅसच्या टाकीत जे होतं तेच. फरक एवढाच की टाकीला वर झाकण असतं आणि नळी लावून गॅस आपण चुलीला घेतो.

लॅबमध्ये हे डोळ्यांना कसं दिसतं ते सांगते. ऑक्सिजन मोजायची जुनी पद्धत आहे, विंकलरची, आता मीटर आलेत तरी आम्ही ती अजून करतो कारण ती खोटं बोलत नाही. तळाचं पाणी वर आणायला एक नळकांडं असतं, दोन्ही बाजूंनी उघडं, ते दोरीनं खाली सोडायचं आणि ठरलेल्या खोलीवर गेलं की दोरीवरून एक वजन सोडायचं, ते खाली जाऊन आपटलं की दोन्ही झाकणं फटकन बंद होतात, हाताला बारीकसा झटका जाणवतो. वर आणून तिनशे मिलीच्या काचेच्या बाटलीत हळूच नळीनं भरायचं, एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि तिथंच होडीत बसून त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड टाकायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर चहापत्तीच्या चोथ्यासारखा तपकिरी साका धरतो. नसेल तर पांढरा. वरच्या एक मीटरवरची बाटली तपकिरी आणि त्याच ठिकाणची, त्याच दोरीची, दहा मीटरवरची बाटली दुधासारखी पांढरी, अशा दोन बाटल्या शेजारी शेजारी धरल्या की सोबतचा नावाडीसुद्धा विचारतो की हे दोन वेगळ्या धरणांचं पाणी आहे का. आणि तळाच्या बाटलीचं झाकण काढल्यावर तो वास. माझ्या हातात चांदीचं कडं असतं, अशा दिवशी घरी येईपर्यंत त्यावर काळपट झाक आलेली असते आणि रात्री ते रांगोळीनं घासावं लागतं. तेव्हापासून वरून निळंशार दिसणाऱ्या पाण्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

तर पेती सोत वरचं पाणी दिसायला बरं होतं. पण वीजघराला जे पाणी जातं त्यात खालच्या थराचं पाणी येतंच, आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेलं अवजल सरळ सिनामारी नदीत. म्हणजे परातीच्या तळातलं पाणी थेट खालच्या माशांच्या तोंडात. फ्रेंच प्रशासनानं धरणाखालच्या नदीत लिटरमागं किमान २ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहिलाच पाहिजे अशी अट घातली होती. अट म्हणून ती काही फार कडक नव्हे. आपल्याकडं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात ४ मिलिग्रॅम धरलाय आणि आंघोळीच्या पाण्यात ५. तरी २ सुद्धा टिकवणं जड जायला लागलं.

आणि इथं या प्रकरणातला जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो येतो. अडचण नुसती ही नव्हती की बाहेर पडणाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी आहे. तसं असतं तर नदी वाहता वाहता हवेतून ऑक्सिजन घेऊन सावरली असती. अडचण ही होती की त्या पाण्यात मिथेन विरघळलेला होता. मिथेन खाणारे जिवाणू असतात, ते मिथेन खातात आणि त्यासाठी ऑक्सिजन वापरतात, आणि हिशेब असा आहे की १ मिलिग्रॅम मिथेन पूर्ण जिरवायला ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. आता तीस अंशाच्या आसपासच्या पाण्यात ऑक्सिजन मावतोच मुळी साडेसात-पावणेआठ मिलिग्रॅम. म्हणजे लिटरमागं नुसता २ मिलिग्रॅम मिथेन असला तरी तो काठोकाठ ऑक्सिजन भरलेलं पाणी रिकामं करू शकतो. आणि पेती सोच्या तळाच्या पाण्यात मिथेन याच्या कितीतरी पट होता. म्हणून झालं असं की धरणाच्या पायथ्याशी जरी थोडा ऑक्सिजन पाण्यात घातला तरी पुढं जाता जाता जिवाणू तो खाऊन टाकणार, आणि धरणाच्या दारात मोजलेला आकडा बरा पण खाली मासे तडफडतायत, अशी गत. जे लोक फक्त धरणाच्या पायथ्याला एक नमुना घेऊन अहवाल देतात त्यांनी हे नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं.

उपाय काय केला, तर टर्बाइनच्या खाली नदीत आडवा बंधारा घातला. १९९५ पासून तो कामाला लागला. कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पावसाळ्यात पाणी कसं पडतं, पांढराशुभ्र फेस, कानठळ्या, अंगावर तुषार, तसंच काहीसं, पण दोन टप्प्यांत पाणी खाली पडेल असं मुद्दाम बांधलेलं. पाणी पडताना फुटतं, हवा आत घुसते, ऑक्सिजन वाढतो, हे तर झालंच, पण खरं काम दुसरंच आहे, ते म्हणजे पाण्यातला मिथेन हवेत निघून जातो. सोड्याची बाटली हलवून उघडल्यासारखं. मिथेनच गेला म्हटल्यावर पुढं नदीत ऑक्सिजन खाणारा मोठा गिऱ्हाईक उरत नाही आणि नदी सावरते. फुकट मात्र काही नाही, असा बंधारा घातला की पाण्याची थोडी उंची त्या पडण्यात खर्च होते, तेवढी वीज कमी होते, आणि वीज कंपनीनं ते सोसलं.

पेती सो या फ्रेंच नावाचा अर्थच मुळी छोटा धबधबा असा आहे. गयानातल्या नद्यांवर जिथं खडकांवरून पाणी उड्या मारत जातं त्या जागांना सो म्हणतात. धरणाचं पाणी चढलं तशा त्याच्या पोटात येणाऱ्या नदीच्या अशा सगळ्या उड्या बुडाल्या, आणि नदीच्या पाण्याला हवा देण्याचं काम तर त्याच करत होत्या, रात्रंदिवस, बिनपगारी. दीड वर्षात माणसाला तीच गोष्ट स्वतःच्या हातानं पुन्हा बांधावी लागली. हे वाचल्यापासून कुठल्याही नदीतला धावता खडकाळ भाग बघितला की मला तो यंत्रसामग्रीसारखा दिसतो.

बंधाऱ्यानं मासे वाचवले, हे त्याचं यश आहे आणि मी ते कमी लेखत नाही. पण मिथेन नाहीसा झाला नाही, तो पाण्यातून हवेत गेला. शंभर वर्षांच्या हिशेबानं मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, आणि वीस वर्षांच्या हिशेबानं ऐंशीच्या आसपास. ग्वेनाएल अब्रिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दहा वर्षांचा सगळा ताळेबंद छापला. पहिल्या वर्षी मिथेन मुख्यतः धरणाच्या पृष्ठभागावरूनच निघत होता, ४० टक्के पाण्यातून झिरपून आणि ४४ टक्के सरळ बुडबुड्यांनी. बंधारा झाल्यावर चित्र पालटलं, १९९५ पासून मिथेन बाहेर पडायची सगळ्यात मोठी वाट तो बंधाराच झाला, एकूण मिथेनच्या ७० टक्क्यांपर्यंत त्या एका ठिकाणी. तीनशे पासष्ट चौरस किलोमीटरचं धरण, आणि त्याच्या मिथेनचा एवढा मोठा भाग पाण्याच्या एका पट्टीवरून जातोय. कार्बन डायऑक्साइडचं बघितलं तर त्यातला ३१ टक्के धरणातून नाही, धरणाखालच्या नदीतून आणि खाडीतून निघालेला. म्हणजे कुणी फक्त जलाशयात होडी घालून मोजमाप केलं असतं आणि खाली ढुंकून बघितलं नसतं, तर निम्मा हिशेब हातातून सुटला असता, आणि धरण स्वच्छ आहे असं कागदावर आलं असतं.

मिथेन बंधाऱ्यावर सोडला नसता तर चाललं असतं का, असं मला एकदा एका इंजिनियरनं विचारलं होतं. प्रश्न बरोबर आहे. सोडला नसता तर त्यातला काही भाग जिवाणूंनी खाऊन कार्बन डायऑक्साइड केला असता, हवेच्या दृष्टीनं ते बरंच, पण मग नदीतला ऑक्सिजन गेला असता आणि किनाऱ्यापर्यंतची नदी मेली असती. नदी वाचवायची की हवा, अशी निवड समोर आली होती आणि त्यांनी नदी निवडली. मीही तीच निवडली असती. माझं म्हणणं एवढंच आहे की ही निवड १९९५ मध्ये करायची वेळ का आली. ती खरी निवड पाणी अडवायच्या आधीची होती, किती जंगल बुडवायचं, किती काढायचं, आणि पाणी कुठल्या थरातून उचलायचं याची. एकदा घळभरणी झाली, म्हणजे नदी अडवली, की त्यानंतर उरतं ते फक्त दुखणं इकडून तिकडं हलवणं.

आणि त्यांना माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही, कारण उदाहरण अगदी शेजारीच होतं. फ्रेंच गयानाला लागून सुरिनाम आहे, तिथं आफोबाका धरणानं १९६४ पासून ब्रोकोपोंडोचा जलाशय भरायला लागला, साधारण १५०० चौरस किलोमीटर, तेही न तोडलेलं जंगल. सुरुवातीची दोनेक वर्षं तिथं हायड्रोजन सल्फाइडच्या वासामुळं कामगारांना तोंडाला मास्क बांधून काम करावं लागलं, पाणी इतकं आम्लधर्मी झालं की वीजघरातल्या कूलिंग सिस्टिम गंजल्या, आणि जलपर्णीनं बघता बघता अर्धाअधिक जलाशय झाकून टाकला. ब्राझीलमध्ये बाल्बिना झालं, १९८७ मध्ये पाणी अडवलं, २३६० चौरस किलोमीटर जंगल बुडालं आणि वीज २५० मेगावॅट. या दोघांपेक्षा पेती सो लहान आणि जास्त काळजीनं चालवलेलं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण परात ती परातच.

पाऱ्याची गोष्ट वेगळी लिहायला पाहिजे इतकी मोठी आहे, इथं थोडक्यात. गयानाच्या मातीत पारा मुळातच असतो, शिवाय सोनं काढणारे लोक पारा वापरत आलेत (फ्रान्सनं २००६ पासून त्यावर बंदी घातली, पण बेकायदा खाणी चालूच आहेत). साधा पारा माशाच्या अंगात फार साठत नाही. पण ऑक्सिजन नसलेल्या पाण्यातले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात आणि तो मात्र साठतो, छोटा मासा, मोठा मासा, मग त्याला खाणारा त्याहून मोठा, असा वर वर चढत जातो. पेती सोच्या तळाला हे व्हायला सगळी सोय होती. आणि तो मिथाइल पारा अवजलाबरोबर खाली गेला, त्यामुळं धरणाखालच्या नदीतल्या आयमारासारख्या मोठ्या शिकारी माशांमध्ये पारा वरच्या नदीतल्या माशांपेक्षा जास्त सापडला. नदीकाठचे लोक तेच मासे खातात. बंधाऱ्यावर मिथेन उडून जातो, मिथाइल पारा असा उडून जात नाही.

पेती सोच्या अनुभवाचा फायदा पुढं झाला, तो लाओसला. तिथं नाम थ्यून २ धरणात २००८ पासून पाणी अडवलं, पसारा साधारण ४५० चौरस किलोमीटर, वीज १०७० मेगावॅट. तिथं वीजघराखालच्या कालव्यावर हवा देणारा बंधारा आधीपासूनच आराखड्यात धरला होता, मासे मेल्यावर धावाधाव करून बांधला नाही. आणि पाण्याची आणि वायूची मोजमापं सुरुवातीच्याच वर्षांत लावली. मला ही खरी शिकवण वाटते, की एका ठिकाणी पैसे मोडून जे कळलं ते दुसऱ्या ठिकाणी नकाशावर आलं.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रातली जुनी मोठी धरणं बहुतेक खोल दऱ्यांत आहेत, बुडितात गावं आणि शेती जास्त होती, त्यामुळं पेती सोचं जसंच्या तसं आपल्याला लावता येत नाही. झाडांच्या बाबतीत आपल्याकडं एक नियम नेहमी असतो, वनजमिनीच्या मंजुरीत अट घालतात की पूर्ण संचय पातळीपासून खाली ४ मीटरपर्यंतच्या पट्ट्यातली झाडं तोडायची नाहीत, का, तर काठाची माती धरून राहावी आणि जगतील तेवढी जगावीत. त्याखालची झाडं तोडून नेतात. चांगलं आहे. पण तोडून नेतो ते खोड. ठेकेदार फांद्या, पाला, बुंधे, झुडपं तिथंच टाकून जातो कारण त्याला भाव नाही, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत पाण्यातला ऑक्सिजन खातं ते नेमकं हेच सगळं, पाला, डहाळ्या आणि वरची वीतभर माती. जाड खोड पाण्याखाली ऑक्सिजनविना वर्षानुवर्षं तसंच राहतं, लवकर कुजत नाही. म्हणजे आपण जे उचलतो ते सगळ्यात कमी उपद्रवी आणि जे ठेवून येतो ते सगळ्यात जास्त.

सह्याद्रीत आता पंप्ड स्टोरेजचे प्रकल्प एकामागून एक येतायत, वर एक तलाव आणि खाली एक तलाव, पाणी पंपानं वर चढवायचं आणि खाली सोडताना वीज करायची. त्यांचा पसारा लहान असतो आणि पाणी रोज वरखाली होतं, त्यामुळं थर बसायला तेवढी उसंत नाही, हे त्यांच्या बाजूनं. पण जिथं नवीन तलाव जंगलात येणार आहे तिथं पहिल्या भरणीचं पाणी काही महिने उभंच असणार, यंत्रं बसेपर्यंत. मी दोन जनसुनावण्यांना जाऊन बसलेय, लोकांनी जमिनीचं विचारलं, नोकरीचं विचारलं, रस्त्याचं विचारलं, सगळं अगदी बरोबर विचारलं. अहवालात पाण्याच्या गुणवत्तेचं पान होतं, त्यात ओढ्याचे आणि विहिरींचे नमुने होते, बुडायच्या आधीचे. बुडाल्यावर तळाला काय होईल आणि ते पाणी खाली कुणाच्या ओढ्यात जाईल यावर एक ओळ नव्हती. मी हात वर करून विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की नियमाप्रमाणं सगळं तपासलंय. मला चिडायचं नव्हतं, पण घसा दाटून आला होता, कारण खाली ज्यांची पाणी योजना त्याच ओढ्यावर आहे ते लोक माझ्या मागच्याच रांगेत बसले होते.

खरं तर फार मागायचं नाहीये. पाणी अडवायच्या आधी वर्षभर नदीचं मोजमाप, भरताना दर महिन्याला एक जागा ठरवून वरपासून तळापर्यंत दर दोन मीटरला नमुना, ऑक्सिजन, लोह, मँगनीज, सल्फाइड आणि जमलं तर मिथेन, आणि तेच खाली नदीत, पायथ्याला आणि पाच-दहा किलोमीटर पुढं पण. पहाटेचा नमुना वेगळा, कारण दिवसा शेवाळं ऑक्सिजन सोडतं आणि आकडा फुगतो. यातलं मिथेन सोडलं तर बाकी सगळं जिल्ह्याच्या ठिकाणच्या लॅबमध्ये होतं. एक होडी, दोन माणसं, एक नळकांडं आणि बर्फाचा डबा.

पेती सोत आकडे हळूहळू उतरले. पहिली तीन वर्षं तिथून दरवर्षी ३ लाख ७० हजार टन कार्बन हवेत जात होता, २००० नंतर तो वर्षाला १ लाख २० हजार टनांवर आला, कारण पाला आणि मऊ माती आधी संपली. पण २००३ सालीसुद्धा, म्हणजे पाणी अडवून नऊ वर्षं झाल्यावर, नदी वरून जेवढा कार्बन आणत होती त्याच्या तिपटीच्या आसपास कार्बन हवेत जात होता, तो मुख्यतः जुन्या जंगलाचाच होता. दहा वर्षांत बुडालेल्या १ कोटी टनांपैकी २२ टक्के हवेत गेला. बाकीच्यातला मोठा भाग पाण्याखाली उभा आहे, आणि ज्या झाडांचे शेंडे वर राहिले ती पांढरी पडलेली खोडं अजून पाण्यातून वर आलेली दिसतात, त्यांच्यामधून वाट काढत होड्या जातात.